रडारला सोनं दिसत नाही, तरी पाय तिथून निघत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर सांगा. नोकरीनिमित्त तुम्ही पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहता. ऑफिसातल्या पोलिश मित्रांच्या नादाने शनिवार-रविवार वाउब्झिखच्या जंगलात नाझींची 'सोन्याची गाडी', म्हणजे सोनं भरून लपवली म्हणतात ती रेल्वेगाडी, शोधत हिंडता. आता त्या गटाला जमिनीखालचं दाखवणारं रडार, म्हणजे जीपीआर, भाड्याने आणायचंय आणि तुमच्या वाट्याला साधारण दोन लाख रुपये येतायत. रडारमध्ये गाडी दिसेल का, हा तुमचा प्रश्न. शेवटच्या ओळीत, जरा ओशाळून, दुसराही विचारलाय: 2016 साली तिथे खणून काही निघालं नाही हे ठाऊक असूनही आमचा पाय तिथून का निघत नाही? घरी बायको म्हणते, वेड लागलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावर जास्त लिहिणार आहे, कारण पैसे जातात ते दुसऱ्यापायी.

मी भूभौतिक सर्वेक्षणात सत्तावीस वर्षं आहे. पोट भरतं ते बोअरसाठी जागा दाखवून आणि रस्त्याखालचे पाइप आणि केबल शोधून. पण दरवर्षी दोन-तीन फोन गुप्तधनाचे येतातच. पूर्वी लोक पायाळू माणूस गाठायचे, त्याच्या डोळ्यांत अंजन घालायचे आणि तो म्हणेल तिथे पहार मारायचे. आता मला गाठतात. त्यांच्या लेखी मी म्हणजे बॅटरीवर चालणारा पायाळू. वाउब्झिखची ती जागा मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. तिथल्याबद्दल बोलतो ते जाहीर झालेल्या माहितीवरून. यंत्राबद्दल बोलतो ते मात्र हाताने ट्रॉली ढकलून शिकलेलं आहे.

जीपीआरला सोनं दिसत नाही. लोखंडही 'लोखंड' म्हणून दिसत नाही. अँटेना जमिनीत रेडिओ लहर सोडते. मातीचा गुणधर्म जिथे बदलतो तिथून ती थोडी परत येते, आणि यंत्र फक्त परत यायला लागलेला वेळ मोजतं. खोली यंत्र मोजत नाही, ती आपण काढतो, लहरीचा वेग गृहीत धरून. वेगाचा अंदाज चुकला की खोलीही चुकली. समोर जे दिसतं त्या उलट्या वाटीसारख्या कमानी असतात. पाइपाची कमान, मोठ्या दगडाची कमान आणि झाडाच्या जाड मुळाची कमान यांत फरक करायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तयार डोळाही फसतो.

लहर किती खोल जाईल हे पूर्णपणे जमिनीवर अवलंबून आहे. कोरडी वाळू असेल आणि कमी फ्रिक्वेन्सीची अँटेना असेल तर दहा-पंधरा मीटर मिळू शकतात. आपल्याकडच्या ओल्या काळ्या मातीत मला कधीकधी मीटरभरही मिळालेलं नाही. तुमच्याकडे रेल्वेचा भराव, खाली खडक, मध्ये चिकणमातीचे थर. तेव्हा विकणारा 'वीस मीटर' म्हणाला तर त्याला विचारा, कुठल्या मातीत?

एक हिशेब तेवढा लक्षात ठेवा. समजा परतीचा वेळ 180 नॅनोसेकंद आला. जमिनीत लहरीचा वेग साधारण 0.1 मीटर प्रति नॅनोसेकंद धरला, तर वस्तू 9 मीटर खोल. पण हवेत लहर तिप्पट वेगाने जाते. म्हणजे अँटेना नीट झाकलेली नसेल तर 27 मीटरवरचा विजेचा खांबही पडद्यावर अगदी तिथेच, 9 मीटर 'खोल' उमटतो. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या आवारात मी अशीच एक भक्कम 'पाइपलाइन' दाखवली होती. मुकादमाने खणून घेतलं. खाली मुरूम. वर पाहिलं तर डोक्यावरून तार गेलेली. त्या दिवसानंतर मी जमिनीआधी आकाशाकडे बघतो. आणि तुमची जागा तर चालू रेल्वेमार्गाच्या कडेला आहे, खांब आणि तारांच्या सोबतीने.

आता 2015 ची गोष्ट. तुम्हाला ती पाठ असणार, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. 1945 च्या सुरुवातीला लाल सैन्य जवळ आलं तेव्हा ब्रेसलाऊहून, म्हणजे आजच्या व्रोत्सवाफहून, सोनं भरलेली एक बख्तरबंद गाडी निघाली आणि वाउब्झिखजवळच्या क्शोंझ किल्ल्याच्या आसपास एका बोगद्यात गडप झाली, अशी तिथली दंतकथा. 2015 च्या ऑगस्टमध्ये प्योत्र कोपेर आणि आंद्रेआस रिश्टर या दोघांनी वकिलामार्फत कळवलं की गाडी सापडली आहे, दहा टक्के बक्षीस द्या, जागा सांगतो. व्रोत्सवाफ-वाउब्झिख मार्गावरचा 65 वा किलोमीटर. मग खुद्द पोलंडचे सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री झुखोव्स्की यांनी जाहीर केलं की रडारचं चित्र पाहिल्यावर आपली 99 टक्क्यांहून जास्त खात्री आहे. शंभरेक मीटर लांबीची गाडी, तिच्यावर तोफाही दिसतात. जगभरचे कॅमेरे त्या गावात आले.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न आला: मॅग्नेटोमीटरचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचं, रीडिंग कुठे आहे? सोन्याला चुंबकाचं काही नसतं, पण रेल्वेगाडी पोलादाची असते. शेकडो टन लोखंड आठ-नऊ मीटरवर पुरलेलं असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात शेकडो नॅनोटेस्लांचा उंचवटा येतो. तो शोधायला तज्ज्ञ लागत नाही, उपकरण घेऊन सरळ चालता येणारा माणूस पुरतो. क्राकोवच्या एजीएच विद्यापीठाच्या चमूने हीच तपासणी केली, आणि डिसेंबर 2015 मध्ये प्राध्यापक यानुश मादेय यांनी सांगितलं की बोगदा कदाचित असेल, गाडी नाही. खरं म्हणजे प्रकरण तिथे मिटायला हवं होतं. दोघांनी निष्कर्ष मानला नाही. ऑगस्ट 2016 मध्ये यंत्रं लावून आठवडाभर खणलं. गाडी नाही, रूळ नाहीत, बोगदाही नाही. रडारवर जे गाडीसारखं दिसत होतं ते जमिनीतलेच नैसर्गिक थर निघाले.

आपल्याकडे असं होत नाही असं समजू नका. ऑक्टोबर 2013 मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या दौंडिया खेड्याला, 1857 च्या उठावात फाशी गेलेल्या राजा राव रामबक्षसिंहांच्या किल्ल्यात हजार टन सोनं असल्याचं एका साधूच्या स्वप्नात आलं, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे खोदकाम सुरू केलं. भूवैज्ञानिकांच्या अहवालात 'अॅनोमली' हा शब्द होता. आमच्या भाषेत अॅनोमली म्हणजे 'इथे आजूबाजूपेक्षा काहीतरी वेगळं आहे', यापलीकडे काही नाही. वर्तमानपत्रात पोचेपर्यंत त्याचं सोनं झालं. निघालं काय, तर खापरं, बांगड्यांचे तुकडे, खिळे, जुन्या भिंती.

तुमच्या मित्रांचा यावर एक मुद्दा असणार, आणि तो बिनबुडाचा नाही: नाझींनी सोनं पुरलं हे तर खरंच आहे ना? हो, खरं आहे. पण जे सापडलं ते कसं सापडलं, हे बघा. एप्रिल 1945 मध्ये थुरिंगियातल्या मेर्कर्सच्या मिठाच्या खाणीत अमेरिकन सैन्याला राइशबँकेचं, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचं, जवळपास शंभर टन सोनं मिळालं. सांगितलं कोणी? रस्त्यावर भेटलेल्या दोन विस्थापित फ्रेंच बायकांनी. सोनं उतरवायला माणसं लागतात, ट्रक लागतात, पोती मोजणारा कारकून लागतो आणि हे सगळं बघणारं गाव असतं. सोनं तिथे गेलं होतं फेब्रुवारीत, दोन महिन्यांत त्याला वाचा फुटली. आयझेनहॉवर, ब्रॅडली आणि पॅटन हे अमेरिकन सेनानी 12 एप्रिलला खाणीत उतरले. सोन्याच्या विटांबरोबर तिथे छळछावण्यांत मारलेल्या लोकांच्या अंगठ्या आणि दातांतलं सोनंही पेट्यांत भरलेलं होतं. 'नाझींचं सोनं' हा शब्द कोणी डोळे चमकवून उच्चारला की मला त्या पेट्या आठवतात, आणि गप्पांतली मजा जाते. असो.

बिठूरचंही तसंच. नानासाहेब पेशव्यांचा खजिना आजही अनेक जण कुठे कुठे शोधतात, पण 1857 च्या डिसेंबरात इंग्रजांनी बिठूरच्या विहिरीचा उपसा करून सोन्याचांदीची भांडी आणि रोकड बाहेर काढली होती. कुठे उपसायचं हे त्यांना कळलं, कारण कोणीतरी बोललं. आणि आपल्या मुंबईचं उदाहरण तर मला सगळ्यांत बोलकं वाटतं. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज दारूगोळ्यासकट उडालं. त्यावर सोन्याच्या 124 विटा होत्या. एक वीट उडून मैलभरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली. बाकीच्या गाळ उपसताना सापडत राहिल्या, काही तर सत्तरच्या दशकापर्यंत. युद्धकाळातलं, मातीत गेलेलं खरंखुरं सोनं, तेही भर मुंबईत. तरी त्याभोवती वाउब्झिखसारखी दंतकथा वाढली नाही. माझ्या मते त्याचं कारण 124 हा आकडा. यादी होती, हिशेब होता, सापडलेली वीट यादीतून वजा करता येत होती. तुमच्या गाडीला यादीच नाही. कोणी म्हणतं 300 टन सोनं. ठीक, पण सोन्याची घनता 19.3, म्हणजे 300 टन सोनं सोळा घनमीटरच्या आत मावतं, आपल्या फ्लॅटमधल्या लहान बेडरूमच्या निम्म्याहून थोड्या जास्त जागेत. त्याला शंभर मीटर लांबीची गाडी कशाला लागते? मग उत्तर येतं, गाडीत शस्त्रंही होती, चित्रं होती, कागदपत्रं होती. आकडा पक्का नसला की गाडीत काहीही भरता येतं.

पण मग ती गोष्ट मरत का नाही? इथे मी यंत्रावरून माणसावर येतो, आणि हा भाग माझ्या अनुभवाचा आहे, शास्त्राचा नाही.

पहिलं म्हणजे, त्या गोष्टीचा अर्धा भाग खोटा नाही. तुम्ही ज्या डोंगरात हिंडता तिथे 1943 पासून नाझींनी 'रीझ' नावाचा, म्हणजे 'महाकाय', भुयारांचा प्रचंड प्रकल्प खणून घेतला. ग्रोस-रोझेन या छळछावणीचे कैदी त्यावर राबले आणि हजारो तिथे मेले. भुयारं अर्धवट राहिली, आणि ती नेमकी कशासाठी होती याचा सरळ खुलासा करणारा कागद मागे राहिला नाही. एवढं मोठं भोक डोंगरात असेल आणि कारण कोणी सांगत नसेल, तर माणूस कारण तयार करणारच.

दुसरं कारण मला जास्त पटतं. युद्धानंतर सिलेशियाची, म्हणजे तुमच्या त्या प्रदेशाची, आधी तो जर्मनीत होता, माणसंच बदलली. जर्मनांना हाकलून दिलं आणि सोव्हिएत संघाने घेतलेल्या पूर्वेकडच्या प्रदेशांतून विस्थापित झालेले पोलिश लोक तिथे येऊन त्यांच्याच घरांत राहिले. ताटात अजून दुसऱ्याचं नाव, भिंतीवर दुसऱ्याचे फोटो. जाणाऱ्यांनी परत येऊ या आशेने चिनी मातीची भांडी, चांदीचे चमचे, दागिने बागेत पुरून ठेवले होते, आणि आलेल्यांना बटाटे लावताना ते सापडले. म्हणजे तिथल्या कितीतरी घरांत 'आमच्या आजोबांना परसात सापडलं होतं' ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या आजोबांना चमचा सापडला, त्याला गाडी अशक्य का वाटावी? शिवाय जुनं गाव उठून गेल्यामुळे 'छे, असं काही झालंच नाही, मी तेव्हा स्टेशनातच होतो' असं म्हणणारा म्हाताराही उरला नाही. आपल्याकडे वाड्याच्या दंतकथेला निदान शेजारची आजी तरी उडवून लावते. त्यात भर म्हणजे नव्वदच्या दशकात वाउब्झिखच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या. पिढ्यान्पिढ्या जमिनीखाली जाऊन पोट भरणाऱ्या गावाला 'खाली अजून काहीतरी आहे' हे ऐकायला गोड वाटणार नाही तर काय?

तिसरं कारण मी इथेच, आपल्या मातीत शिकलो. एका जुन्या वाड्याच्या मालकांनी मला बोलावलं होतं. पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांच्या भीतीने पूर्वजांनी हंडे पुरले, अशी घरात वहिवाटीने आलेली गोष्ट. मी सर्व्हे केला, मागच्या अंगणात एक अॅनोमली होती, तसं सांगितलं, आणि हेही सांगितलं की बहुधा बुजवलेला खड्डा असावा. खणलं. विटांचा चुरा, राख, फुटकी कौलं. मला वाटलं, संपलं. संध्याकाळी चहा पिताना काका शांतपणे म्हणाले, "धन सरकलं. वेळ चुकली आपली." गुप्तधन जागा बदलतं, हा आपल्याकडचा जुना समज. मी त्या दिवशी मनात हसलो. पुढे 2016 ला वाउब्झिखच्या बातम्या वाचताना हसू आलं नाही, कारण तिथेही तेच चाललं होतं. गाडी इथे नाही, म्हणजे थोडी पुढे आहे. अजून खोल आहे. शब्द वेगळे, वाक्य तेच.

तुमचा पाय अडकलाय तो इथे. सापडलं तर गोष्ट खरी, आणि नाही सापडलं तर नीट लपवलंय म्हणून आणखी खरी. रशियनांनी युद्ध संपल्यावर त्याच मार्गावरची विद्युत रेल्वेची यंत्रणा उखडून नेली, तारांसकट. ज्यांनी खांबावरची तार सोडली नाही त्यांच्या नजरेतून अख्खी गाडी सुटली, असं मानावं लागतं. हे मित्रांना सांगून बघा, ते म्हणतील, बघा ना, किती हुशारीने लपवली असेल!

आता करायचं काय ते सांगतो. मी गुप्तधनाच्या गिऱ्हाइकाकडून आता एक गोष्ट आधी लिहून घेतो: कुठलं रीडिंग आलं तर तुम्ही थांबाल? नुसतं विचारत नाही, सही घेतो. सही करायला नकार दिला तर काम घेत नाही. गेल्या काही वर्षांत निम्मे लोक इथेच परत गेले आणि माझी डोकेदुखी वाचली. तुमच्या गटालाही हे लिहायला लावा. उदाहरणार्थ, 'मॅग्नेटोमीटरच्या ओळींत शंभर मीटर लांबीचा उंचवटा नसेल, तर त्या जागी खणायचं नाही.' त्यामुळे रडारच्या आधी मॅग्नेटोमीटर भाड्याने घ्या. तो सहसा रडारपेक्षा स्वस्त पडतो आणि पोलादी गाडीच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतो. रुळाजवळ आणि तारांखाली रीडिंग बिघडतं, हे खरं. म्हणून ओळी मार्गापासून दूर सुरू करा आणि एखादी ओळ जिथे काहीही नाही हे ठाऊक आहे अशा ठिकाणी मुद्दाम घ्या, म्हणजे तुलना करता येईल. त्यानंतरही रडार लावलंच, तर रंगीत त्रिमिती चित्रावर पैसे देऊ नका, मूळ डेटा मागा आणि तो गटाबाहेरच्या, दंतकथा न ऐकलेल्या माणसाला दाखवा. मला पाठवलात तरी चालेल, मात्र काय शोधताय ते ईमेलमध्ये लिहू नका. ते मी विसरायचा प्रयत्न करेन.

कायद्याचंही बघून घ्या. पोलंडमध्ये असा शोध घ्यायला प्रांताच्या स्मारक-संरक्षकांची परवानगी लागते, विनापरवाना शोध गुन्हा ठरतो, आणि परदेशी नोकरदाराला ते परवडणारं नाही. त्या डोंगरांत युद्धकाळातली स्फोटकंही अजून असू शकतात. भारतात 1878 चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. गावाकडच्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

दोन लाखांबद्दल: हौस म्हणून खर्च करणार असाल तर करा, लोक ट्रेकिंगच्या सामानावरही करतात. गुंतवणूक म्हणून एक रुपयाही नको. तुमच्या पत्रातून मला असं दिसलं की तुम्हाला सोन्यापेक्षा शनिवारची ती टोळी, जुने नकाशे, थर्मासमधला चहा आणि परक्या देशात आपण कोणाच्यातरी गोष्टीत आहोत ही भावना जास्त हवी आहे. ते सगळं रडारशिवाय मिळतंय. त्या कोपेरचंच बघा, पुढे 2019 मध्ये जवळच्या स्त्रुगा गावातल्या वाड्याची डागडुजी करताना गिलाव्याखाली त्याला जुनी भित्तिचित्रं सापडली, चांगली दोन डझन. त्यांची कोणी दंतकथा सांगत नव्हतं.

बायकोला मात्र एकदा घेऊन जा. ओसुफ्का आणि वालिमची रीझची भुयारं तिकीट काढून बघता येतात. आत बारा महिने गारठा असतो, उन्हाळ्यातही जाकीट न्या.